पाहुण्या यंत्राची चाल

मराठी मजकुराचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर आपण साहित्याचे अभ्यासक सहसा कागद, शाई आणि वाळवी यांच्या भाषेत देतो. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांपुरते तरी हे उत्तर बदलून घ्यावे लागते. त्या काळात जे मराठी छापले गेले, त्यातले पुष्कळसे आधी संगणकाच्या पडद्यावर जुळवले गेले. आणि ज्या फायलींत ते जुळवले गेले, त्या आजच्या संगणकावर उघडल्या तर मराठी दिसतच नाही. दिसते ती रोमन अक्षरे, स्वल्पविराम, चौकोनी कंस आणि डॉलरची चिन्हे यांची रास. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो ज्या घरात राहत होता ते घर मोडलेले असते. ते घर नव्या संगणकाच्या पोटात पुन्हा कसे उभारावे आणि त्यात वावरणे सुसह्य कसे करावे, याविषयी हे टिपण आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण त्याचा शेवट पाठचिकित्सेपाशी होतो, एवढे आश्वासन वाचकांना आरंभीच देतो.

घर मोडले कसे, हे थोडक्यात सांगायला हवे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही देवनागरीसह प्रसिद्ध झाली. परंतु छपाईच्या दुकानांत जी पानजुळणीची प्रणाली रुळली होती, तिला या दोहोंपैकी कशाचीच ओळख नव्हती. तिला फक्त रोमन लिपी कळत असे. त्यावर टंकनिर्मात्यांनी तोडगा काढला. रोमन अक्षरांच्या खणांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे अर्धा ग, कुठे नुसता काना, कुठे रफार, कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहिला. फक्त टंकाचा मुखवटा चढवला की तो मराठी दिसू लागला. प्रत्येक निर्मात्याची खणांची मांडणी निराळी होती. मुखवटा हरवला, की चेहराही हरवतो.

आम्ही दोघे खानदेशातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या विभागाच्या कपाटात अशा फायलींच्या काही तबकड्या आहेत. त्यांतल्या बहुतेक वार्षिकांकाच्या आहेत आणि त्यांची छापील प्रत ग्रंथालयात आहे. एक संग्रह मात्र वेगळा आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस विभागातल्या विद्यार्थिनींनी आपापल्या आज्या, मावश्या आणि शेजारणी यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. अंकात त्यांतल्या निवडक छापल्या गेल्या. उरलेल्या सगळ्या जुळवलेल्या अवस्थेत फायलींतच राहिल्या. मूळ वह्यांना वाळवी लागली. सांगणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. तेव्हा त्या ओव्यांची एकमेव पूर्ण प्रत म्हणजे ही रोमन चिन्हांची रास.

आता कुणी म्हणेल, जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, ते वापरा. ते आहेत आणि आम्ही वापरतो. पण दोन अडचणी येतात. पहिली अशी की, पानजुळणीच्या फायलीतून मजकूर बाहेर काढायला मूळ प्रणालीच लागते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती तशी उच्चारली जाते. रफाराचे याच्या उलट. या अदलाबदलीत परिवर्तक कधी चुकतो, आणि त्याची चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राच्या हाती दिली तर ते भलतेच काही दुरुस्त करून बसते. आमच्या भागातल्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. दळणाचे ‘दयन’ होते, डोळ्याचा ‘डोया’ होतो. यंत्राला ‘दयन’ ही चूक वाटते आणि ते इमानेइतबारे ‘दळण’ करून देते. ओवी प्रमाण होते, आणि बाई त्यातून निघून जाते. म्हणून प्रत्येक ओवी मूळ टंकात, मूळ पानावर उघडून परिवर्तित मजकुराशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेद असलेल्या पोथ्या होत्या. आमच्यापुढे एकच पोथी आहे, आणि ती वाचायला विंडोज एक्सपी लागते.

एक्सपी २००१ सालची. तिला मिळणारा आधार तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. ती चालवणारी जुनी यंत्रे एकेक करून बंद पडत आहेत आणि नव्या यंत्रांसाठी तिच्याकडे चालकप्रणाली नाहीत. यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. नव्या संगणकावर एक प्रणाली अशी चालवायची, की जी आपल्या आत एक संपूर्ण संगणक असल्याचा आभास निर्माण करील. आणि त्या आभासी संगणकावर जुनी एक्सपी बसवायची. बाहेरचा संगणक तो यजमान, आतली एक्सपी ती पाहुणी. ही नावे आमची नव्हेत. इंग्रजी परिभाषेतही हेच दोन शब्द रूढ आहेत. आम्ही व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली वापरतो. ती २००७ साली एका जर्मन कंपनीने प्रसिद्ध केली आणि पुढे सनमार्गे ओरॅकलकडे गेली. महाविद्यालयाकडे असलेल्या मूळ परवान्याच्या तबकडीवरून एक्सपी आत बसली, टंक बसले, ओव्या दिसल्या.

पण नुसते दिसून भागत नाही. ताडून पाहण्याचे काम विद्यार्थिनी करतात, दोन तासिकांच्या मधल्या रिकाम्या वेळात. आमची तासिका ४८ मिनिटांची. यंत्र सुरू व्हायला, फाईल उघडायला, पान उलटायला जर त्यातला निम्मा वेळ गेला, तर मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही; आणि का यावे तिने? “मॅडम, एक पान उलटेपर्यंत आधीची ओवी विसरायला होतं,” हे एकीचे म्हणणे आम्हांला या साऱ्या खटाटोपाचे नेमके कारण वाटते. ताडून पाहणे हे स्मरणाचे काम आहे. पडदा अडखळला की स्मरण तुटते. म्हणजे यंत्राचा वेग हा इथे चैनीचा भाग नाही; शुद्ध पाठ हाती येईल की नाही, हे त्यावर ठरते.

वेग वाढवायचा तर आधी तो कुठे खर्च होतो हे कळले पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली आभासी यंत्राच्या तीन कसोट्या सांगितल्या. आत चालणाऱ्या प्रणालीला खऱ्या यंत्रासारखेच वाटले पाहिजे; साधनसामग्रीवरचा ताबा बाहेरच्या नियंत्रकाकडेच राहिला पाहिजे; आणि आतल्या बहुसंख्य आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीवाचून थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. तिसरी कसोटी वेगाची. तिचा आशय आपल्या ओळखीचा आहे. दुभाष्या जेवढा कमी बोलेल, तेवढे संभाषण वाहते राहते. साध्या वाक्यांना त्याची गरज नसावी. नाजूक प्रसंगीच त्याने मध्ये पडावे.

घरोघरच्या संगणकांतले प्रोसेसर ही कसोटी मुळात पाळत नव्हते. त्यांच्या काही नाजूक आज्ञा अशा होत्या, की त्या चालल्या तरी नियंत्रकाला पत्ता लागत नसे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने यावर जो मार्ग काढला तो शब्दशः भाषांतराचा होता. पाहुण्या प्रणालीच्या आज्ञा चालता चालता वाचायच्या आणि धोक्याच्या आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालून पुढे धाडायच्या. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांची सोय केली. भाषांतरकाराचे बरेचसे काम यंत्रानेच उचलले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की प्रोसेसरमधली ही सोय चालू आहे ना, हे पाहावे. पुष्कळ संगणकांत ती कारखान्यातून बंद अवस्थेत येते आणि बायोसच्या पडद्यावर जाऊन चालू करावी लागते. ती चालू असूनही एक अडथळा उरतो. नव्या विंडोजमध्ये सुरक्षिततेसाठी तिचा स्वतःचाच एक नियंत्रक खालच्या पातळीवर बसलेला असू शकतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरशी थेट बोलता येत नाही, दोन दुभाषे एकामागे एक उभे राहतात. अशा वेळी खिडकीच्या तळाशी चिन्हांच्या पट्टीत एक छोटे हिरवे कासव दिसते. ज्याने कुणी ही खूण निवडली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते. मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आणि तो नियंत्रक बंद केला की कासव जाते. पण त्यासोबत यजमानाचे एक कवचही जाते. नित्याच्या, महाजालाला जोडलेल्या संगणकावर हा सौदा करू नये. ओव्यांसाठी आम्ही एक संगणक वेगळाच ठेवला आहे आणि त्याला जाळ्याची तार जोडलेली नाही. आतल्या एक्सपीचेही जाळ्याचे कार्ड काढून टाकले आहे. आधार संपलेल्या प्रणालीला बाहेरच्या जगात पाठवणे म्हणजे आजीला रात्री महामार्ग ओलांडायला लावण्यासारखे आहे. शिवाय जाळे नसले की आत विषाणूरोधकाचाही भार वाहावा लागत नाही. आत न्यायची फाईल यजमानाने तपासली म्हणजे पुरते.

दुसरी गोष्ट स्मृतीची, म्हणजे रॅमची. यंत्र मंद आहे, तेव्हा त्याला अधिक रॅम द्या, असा सार्वत्रिक समज आहे. तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. एक्सपीची किमान गरज ६४ मेगाबाइट होती आणि शिफारस १२८ची. पानजुळणीसह तिला ५१२ मेगाबाइट ते एक गिगाबाइट दिले की ती तृप्त असते. त्याहून अधिक दिलेले तिथे पडून राहते आणि यजमानाचे मात्र कमी होते. यजमानाची रॅम संपली की तो पाहुणीच्या स्मृतीतली पाने हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. पाहुणीला याची कल्पना नसते. ती त्याच पानांना निकामी समजून आपल्या आभासी डिस्कवर हलवू लागते. ती हलवण्यासाठी यजमानाला ती आधी खऱ्या डिस्कवरून परत आणावी लागतात. एकच पान दोनदा उचलले जाते आणि दोन्ही घरे लंगडू लागतात. चार गिगाबाइटच्या संगणकावर पाहुणीला तीन गिगाबाइट देणे हे आतिथ्य नव्हे. यजमान उपाशी राहिला तर स्वयंपाक कोण करणार?

प्रोसेसरचेही तसेच. एक्सपीतल्या पानजुळणीला एक प्रोसेसर पुरतो. दोन दिले तर दोघांचा मेळ घालण्याचे काम वाढते, आणि त्यासाठी आयओ एपिक नावाची सोय चालू करावी लागते, जिच्यामुळे आभासी यंत्रावरचा भार थोडा वाढतो. इथे एक सावधगिरी हवी. एक्सपी बसवताना ही सोय ज्या स्थितीत असेल, त्यानुसार ती आपला गाभा निवडते. बसवल्यानंतर सोय बंद केली तर ती सुरूच होत नाही. निर्णय आधीच करायचा असतो.

खरा वेळ जातो तो डिस्कवर. यजमानाची जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणे, हा एकच बदल असा आहे की जो कुणालाही न सांगता जाणवतो. आभासी डिस्क म्हणजे यजमानाच्या लेखी एक मोठी फाईल. ती गरजेप्रमाणे वाढणारी ठेवता येते किंवा आरंभीच पूर्ण आकाराची आखून घेता येते. फिरत्या डिस्कवर दुसरा प्रकार बरा, कारण पहिला वाढताना विखुरतो. यजमानाचा विषाणूरोधक या मोठ्या फाईलला प्रत्येक स्पर्शागणिक तपासत बसला तर सारे कष्ट वाया जातात. तेवढी एक फाईल त्याच्या कक्षेतून वगळावी.

याच ठिकाणी स्नॅपशॉटचा प्रश्न येतो. यंत्राची आजची अवस्था जशीच्या तशी नोंदवून ठेवण्याची ही सोय मोहक आहे. पण नोंद घेतल्यावर मूळ डिस्क गोठते आणि पुढचे बदल एका नव्या फाईलीत जाऊ लागतात. दुसरी नोंद घेतली की तिसरी फाईल. एखादा मजकूर वाचायचा तर तो आधी सर्वांत नव्या थरात शोधायचा, नसेल तर त्याखालच्या, आणि असे करत मुळापर्यंत जायचे. ग्रंथावर टीका, टीकेवर टिप्पणी आणि टिप्पणीवर विवरण वाचत मूळ ओळीपर्यंत पोचण्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. एक विश्वासार्ह नोंद ठेवावी आणि बाकीच्या मुळात विलीन कराव्यात, हे आमचे धोरण आहे. संपूर्ण डिस्कची स्वतंत्र प्रत मात्र दुसरीकडे असावीच.

आतापर्यंतचे सारे उपाय बाहेरचे होते. यापुढचा उपाय आम्हांला विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोपेक-गोल्डबर्ग यांच्या पहिल्या कसोटीप्रमाणे पाहुण्या प्रणालीला आपण पाहुणे आहोत हे कळता कामा नये. पण तिला ते कळू दिले, तर ती अधिक वेगाने चालते! २००३ साली केंब्रिजच्या झेन या प्रकल्पाने हेच तत्त्व पुढे नेले होते. पाहुण्या प्रणालीच्या गाभ्यात थोडा बदल करून तिने नाजूक कामे थेट यजमानाला सांगावीत, अशी ती योजना. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये मांडलेली फुग्याची युक्तीही त्याच कुळातली. पाहुण्याच्या स्मृतीतले काय निरुपयोगी आहे हे यजमानाला बाहेरून कळू शकत नाही. म्हणून पाहुण्याच्या आत एक फुगा ठेवायचा. यजमानाला जागा हवी असली की फुगा फुगतो, आणि काय बाजूला सारायचे ते पाहुणा स्वतःच ठरवतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये आमच्यापुरता याचा अवतार म्हणजे गेस्ट अॅडिशन्स. ही जोडप्रणाली एक्सपीच्या आत बसवली की पडद्याचे चित्रण, माउस, घड्याळ आणि सामायिक फोल्डर या गोष्टींत ती खऱ्या यंत्राचा आव सोडून यजमानाशी सरळ बोलू लागते. पान उलटताना पडदा पट्ट्यापट्ट्यांनी रंगत असे, ते थांबले. सामायिक फोल्डरमधून फाईल थेट उघडण्यापेक्षा ती आधी आतल्या डिस्कवर आणून उघडलेली बरी, एवढी पुस्ती जोडतो.

उरला घरातला पसारा. एक्सपीची निळी-हिरवी सजावट, सावल्या, शोधसूची, आपोआप होणाऱ्या नोंदी हे सारे बंद करता येते आणि करावे. परंतु आमच्या कामातला सर्वांत मोठा पसारा टंकांचा होता. छपाईच्या दुकानातून टंकांचे अख्खे संच येत. ते सगळे बसवले की यंत्र सुरू होताना आणि पानजुळणी उघडताना प्रत्येकाची हजेरी घेतली जाते. कोणते ठेवायचे हे ठरवायला मात्र तांत्रिक ज्ञान उपयोगी पडत नाही. ओव्यांच्या पानांवर मजकुराला एक टंक, शीर्षकाला दुसरा, तळटिपांना तिसरा, आणि एका ठिकाणी फक्त ‘ऱ्ह’ नीट यावा म्हणून चौथा टंक कुणीतरी वापरलेला आढळला. तो जुळारी कोण, ठाऊक नाही. त्याला बोलीतला उच्चार कानाला खटकू द्यायचा नव्हता, एवढे त्या एका जोडाक्षरावरून कळते. तो चौथा टंक ठेवला. बाकीचे काढले.

शेवटची सोय सर्वांत साधी आहे. काम संपले की यंत्र बंद करायचे नाही. त्याची अवस्था जपून ठेवायची. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलीसमोर कालच्याच पानावरची, कालच्याच ओळीवरची ओवी काही क्षणांत उभी राहते. तासिकेतला बहुतेक वेळ आता वाचण्यात जातो.

या निमित्ताने मोडी लिपीची आठवण येते. मोडीतली दप्तरे शाबूत आहेत. ती वाचणारी माणसे थोडी आहेत. पण मोडी शिकता येते, डोळा तयार करता येतो. टंकांच्या खणांची ही लिपी माणसाला वाचता येत नाही. तिला वाचणारे यंत्रच लागते, आणि ते जुने व्हायला पाव शतकही पुरले. दप्तर जपताना आता दप्तर वाचणारे यंत्रही जपावे लागेल. ज्या विभागांच्या कपाटांत अशा तबकड्या असतील, त्यांनी त्या निदान एकदा उघडून पाहाव्यात. तबकडीच वाचली गेली नाही, तर पुढचा एकही उपाय कामाचा नाही.

आमचा पाहुणा कायम मुक्कामाला आलेला नाही. ओव्या युनिकोडमध्ये आल्या, ताडून झाल्या, बोलीतल्या ‘य’सकट शाबूत राहिल्या, की त्याला निरोप द्यायचा आहे. तोवर त्याला वेळेवर उठता यावे, पान उलटता यावे आणि यजमानाचेही चालावे, एवढीच व्यवस्था. सध्या लग्नाच्या ओव्यांचे पान उघडे आहे.